शामरावचा शेवटचा भोंगा

लग्नघरी गेल्यावर शामराव भोंगेवाला आधी माणसांना नव्हे, झाडाला भेटायचा. सगळ्यांत उंच आंब्यावर चढून भोंगा बांधायचा. त्यानं आमच्या अड्याळात गाण्याची तबकडी लावली की कितीतरी कोसांवरच्या पवनीच्या घाटावर बायांचे कपडे आपोआप आपटले जायचे. निदान मी तरी सगळीकडे असंच सांगत आलो. जेवायला मात्र त्याला सर्वांत शेवटी, गार भातावर बोलवायचे. तो म्हणायचा, "आवाज वर चढते बापू, माणूस खालीच रायते."

ऐंशीचं दशक उतरणीला लागलं होतं. जवाहरनगरच्या कारखान्यातल्या एका साहेबाची बदली झाली. घर आवरताना त्यानं तबकड्यांचा गठ्ठा शामरावला दिला. त्यात एक साहेबाच्या मुलानं अमेरिकेहून आणलेली. ती लावली मात्र, शामरावनं घाईनं सुई बदलली. मग वेग बदलून पाहिला. तरी तेच! आधी एक माणूस स्वतःशी पुटपुटायचा, गिटार कण्हायची. मग सगळं थांबायचं आणि तो गळा फाटेस्तोवर ओरडायचा. मागे ढोल असे, की धानाच्या मिलचं इंजिन टिनाच्या छपरावर कोसळलं. गावातल्या म्हशींनी त्या दिवशी आठवडाभराचं दूध आत ओढून घेतलं.

"बंद कर ना शामरावभाऊ, मिरगी आली त्याले," मी म्हणालो.

"चूप बैस. त्याचं कोणी ऐकून नाही राहिलं, म्हणून वरडून राहिला." त्यानं ती पुन्हा लावली. डोळे मिटून.

मग गावात कॅसेटवाला आला. सरपंचाच्या लग्नात भोंगा शामरावचाच होता. पण सरपंचाच्या पोरीच्या लग्नाचं काम कॅसेटवाल्याला गेलं. "तुह्या तबकड्या खरखर करतेत गा," सरपंच म्हणाला. "तू आपला जेवाले ये."

शामराव जेवायला गेला नाही. त्यानं आपल्याच अंगणातल्या झाडावर भोंगा बांधला, तोंड मांडवाकडे. वरात दारात आली तशी ती तबकडी लावली. "आज समजन त्यायले," एवढंच म्हणाला.

वरात थबकली. आता दगड येतात, म्हणून मी दाराआड सरकलो. पुटपुट सरली, तो फाटका आवाज मांडवावर आदळला, आणि वऱ्हाडी नाचायला लागले! नवरदेवाचा मामा धुळीत लोळला. सरपंच टोपी उडवत ओरडला, "वा रे शामराव! आणखी एक डाव लाव!"

शामरावनं सुई उचलली. "मी शिव्या देऊन राहिलो ना बे," तो मला म्हणाला, "अन् हे नाचून राहिले."

त्यानंतर त्यानं भोंगा बांधला नाही. पुढल्याच हिवाळ्यात गेला. स्मशानघाटावरच शोकसभा झाली. कॅसेटवाल्याचा माइक हातात धरून सरपंच गहिवरला, "मोठा खुशमिजाज माणूस. शेवटपर्यंत आपल्याले नाचवलं त्यानं."

सगळ्यांनी माना डोलावल्या.