माझ्या आधीच्या शिफ्टचा माणूस

क्रेनची शिडी उतरून आला की तो आधी हातमोजे काढायचा, मग मानेवरचा घाम पुसायचा आणि म्हणायचा, "सबन ठीक हाय. आता तुह्या हवाली." एवढं बोलून तो गेटकडे निघायचा आणि मी शिडी चढायला लागायचो. आमची मैत्री म्हणाल तर एवढीच, आणि ती पंचवीस वर्षं टिकली.

भिलाईच्या प्लांटमध्ये आम्ही एकच क्रेन चालवायचो. शिफ्ट दर आठवड्याला बदलायची, पण क्रम बदलायचा नाही. त्याची ड्यूटी संपली की माझी सुरू. पुढचा माणूस आल्याशिवाय केबिन सोडायची नाही, हा तिथला नियम. त्यामुळे तो मोकळा झाला की मी अडकायचो, आणि मी सुटेपर्यंत तो झोपलेला असायचा, नाहीतर बाजारात.

सेक्टर २ मध्ये आमची क्वार्टरं समोरासमोर. बायकांचं चांगलं गूळपीठ होतं, पोरं एकमेकांच्या घरी जेवून यायची. आम्ही दोघे मात्र शिडीच्या पायथ्याशीच भेटायचो. त्याच्या मुलीच्या लग्नालाही मी नव्हतो. तो मांडवात उभा, म्हणून त्याच्या जागी मी केबिनमध्ये. त्याने पंगतीतला डबा भरून गेटवर पाठवला. सोबत निरोप होता, गरम आहे तोवर खा.

त्याला रिटायर व्हायला महिना उरला तेव्हा त्याने शहराच्या दौडीत आम्हा दोघांची नावं परस्पर टाकून दिली. तुम्ही त्याला पाहिलं असतं तर हसला असता. सारी उमर केबिनमध्ये बसून गेलेली, पोट सुटलेलं. दौडीचा टी-शर्ट त्या पोटावर येऊन अडला होता.

"काहून गा? या वयात धावतो?" मी विचारलं.

"मले पदक-गिदक नाही पायजे," तो म्हणाला. "इतक्या वर्षात तुह्यासंग कधी निवांत बसलो नाही मी. गावाले गेल्यावर कुठं भेटशीन? एक घंटा पायजे तुह्या."

माझ्याकडे असं काही आजवर कुणी मागितलं नव्हतं.

दौडीच्या सकाळी माझी ड्यूटी होती. एका सहकाऱ्याने माझ्या जागी यायचं कबूल केलं. हा स्वतः रात्रपाळी करून गेटवरूनच थेट मैदानात आला, डोळे लाल. शाळेची पोरं, पोलीस, लुगडं नेसलेल्या बाया, सगळे गर्दी करून उभे होते. झेंडी पडली आणि आम्ही निघालो.

गंमत पुढे झाली. मी मागे पडायचो, तो माझ्यासाठी थांबायचा. धापा टाकत मी त्याच्यापाशी पोचलो की हा लगेच निघून जायचा. दोन-तीनदा असं झाल्यावर मी त्याचा टी-शर्टच धरला. म्हटलं, अरे, मी आलो की तू पळतोस कुठे? तो स्वतःच चकित झाला, मग ओशाळून हसला.

"पायाले सवय झाली गा. तू दिसला का ड्यूटी सुटली वाटते."

मग आम्ही एकमेकांचा हात धरला. धावणं कधीच संपलं होतं, चालणंच चाललं होतं. लोक हसत होते, पण आम्हाला त्याचं काही नव्हतं. सेक्टर २ वरून जाताना आमच्या बायका रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. आम्हाला जोडीने येताना बघून माझी बायको टाळ्या वाजवायचीच विसरली. "दोघंबी इथंच? मंग क्रेनवर कोन हाय?" असं तिने अगदी काळजीने विचारलं.

शेवटची कमान दिसू लागली तसा तो बाजूला झाला आणि एका कडुनिंबाखाली कट्ट्यावर बसला. पोचलो की संपलं, थोडं बस, म्हणाला. मी बसलो. त्याने माझ्या मुलाचं विचारलं. जवळच्या रसमड्याच्या कारखान्यातली पोराची नोकरी, त्याच्या लग्नाची खटपट, असं मी सांगायला लागलो. हुंकार येईना म्हणून पाहिलं, तर त्याचा डोळा लागला होता. डोकं हळूहळू माझ्या खांद्यावर आलं. कमान उतरवली, खुर्च्या गाडीत गेल्या, झाडूवाल्या बाया आल्या. ऊन आमच्यापर्यंत आलं तसा मी त्याच्या तोंडावर हात धरला. त्याला उठवावंसं मला वाटलं नाही.

महिनाअखेरीस क्वार्टर सोडून तो आमगावकडच्या आपल्या गावी गेला. पुढच्याच वर्षी, दिवाळीच्या आधी, तिथेच वारला. मी भेटायला गेलो तेव्हा त्याच्या बायकोने चहा दिला आणि समोर येऊन बसली.

"भाऊजी," ती मग म्हणाली, "हे साऱ्या गावाले सांगत, त्या दौडीच्या दिवशी आमी दोघं पोटभर बोललो म्हणून."

"हो वहिनी," मी म्हणालो. "खूप बोललो."