बिल्ल्याबिगर सायकल

रिसोडच्या एस.टी. स्टँडाबाहेर एक माणूस सायकली सांभाळायचा. दहा पैसे घेऊन पत्र्याचा एक बिल्ला सायकलीला अडकवायचा, त्याच नंबरचा दुसरा आपल्याला द्यायचा. माणसाच्या तोंडाकडे तो कधी बघत नसे. सत्तरच्या त्या दशकात मी नवी मास्तरीण होते; ऐट भरपूर, अक्कल बेताची. रोज सकाळी गावाहून एस.टी.नं यायचे अन् रात्रभर त्याच्याकडे ठेवलेली सायकल घेऊन शाळेत जायचे. शाळेत साहेब तपासणीला येणार, नेमका त्याच सकाळी मी बिल्ला हरवला.

"भाऊ, रोज तं पायता मले!"

"पायतो ना बाई. पण बिल्ल्याबिगर माह्या बापालेबी सायकल देत नाही."

"माही नौकरी जाईन!" म्हणत मी चक्क भोकाड पसरलं.

त्यानं कान खाजवला, मागं गेला अन् स्वतःची सायकल आणून माझ्या हातात दिली. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

"घंटी वाजत नाही," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "तोंडानंच वरडा."

माझी सायकल मला न देणाऱ्यानं आपली का दिली? त्याचा माझ्यावर भरवसा होता की नव्हता? मला अजून उमगलेलं नाही. तेव्हा विचार करायला सवड कुठं होती? मी "सरका, सरका!" ओरडत गर्दीत अडकलेल्या साहेबांच्या जीपला मागं टाकत होते.