घासलेल्या कड्या

मेकॅनिक अन्सारने बंद पडलेल्या मोटरचं झाकण उघडलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत काळी भुकटी साचली होती. गणपतीत बसवलेले कार्बनचे ठोकळे झिजून नखाएवढे उरले होते. ज्या गरगरत्या कड्यांना ते टेकतात, त्यांच्यावर चरे पडले होते.

"कड्या कुणी घासल्या?"

"मी," खडी क्रशरचा ऑपरेटर संतोष म्हणाला. खंडेनवमीला मशीन पुसून हार घालायचं काम दरवर्षी त्याचंच. यंदा त्याने मोटर उघडली आणि पॉलिश पेपरने कड्या समईसारख्या लखलखीत केल्या.

अन्सारने त्याला फैलावर घेतलं. अक्कल गहाण ठेवली होती का, माझ्या कामात नाक खुपसायला कुणी सांगितलं, सगळं विचारून झालं. कड्यांवर धरते ती चॉकलेटी साय म्हणजे मळ नव्हे. तिच्यावरूनच कार्बन अलगद घसरतो. ती खरवडली की उघडा धातू कार्बनचा फडशा पाडतो.

मालकाने आधीच बजावलं होतं, पुन्हा मोटर बंद पडली तर बिनकार्बनची नवी आणणार. मग अन्सारला कोण विचारतो? नाशिकरोडपासून इथवर त्याच्या हातातल्या अशा मोटरी एकेक करून भंगारात गेल्या होत्या. ही शेवटची.

सगळं ऐकल्यावर संतोष बोलला.

"मालक म्हनत व्हता, अन्सारला मोटर पुसायचं पन जिवावर येतं. तुझं नाव खराब व्हायला नको म्हनून घासल्या, अन्सारभाई. काळंच राहू द्यायचं असतं, हे तू कधी बोलला का?"

नव्हता बोलला. इतक्या वर्षांत कुणी डोकावलं की तो हसून झाकण लावायचा. सगळ्यांना कळलं तर आपली गरजच उरणार नाही, असं त्याला वाटायचं. आता त्याला स्वतःचाच असा संताप आला की हातातला पाना त्याने खडीवर भिरकावला.

मालक आला, वाकून बघितलं आणि तिथेच उभ्या उभ्या नव्या मोटरीसाठी फोन लावला. कुणी घासल्या, हे त्याने विचारलं नाही आणि अन्सारनेही सांगितलं नाही.

मालक गेल्यावर अन्सारने नवे कार्बन काढले. नवी मोटर येईपर्यंत जुनीला रेटायचंच होतं.

"इकडं ये," तो संतोषवर खेकसला. "नीट बघ. परत हात लावलास तर याद राख."

आणि झाकण उघडं ठेवून तो एकेक गोष्ट सांगू लागला.