फोनमधली जागा

पाथर्डीहून सुटलेल्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. ऊसतोडीला चालली होती. पायाशी गोणपाटात गुंडाळलेला कोयता होता. पण तिचा सगळा जीव फोनात अडकलेला. गाडी खड्ड्यात आदळली की ती फोनचं मागचं झाकण काढायची, मेमरी कार्ड बोटानं दाबायची, झाकण लावायची आणि फोन माझ्यापुढे धरायची. “ताई, जागा हाय ना?”

“भरपूर आहे,” मी दरवेळी न बघताच सांगायचे. शेवटी वैतागून विचारलं, “एवढं काय साठवायचंय?”

“अजून काय बी न्हाई. जुने फोटो कार्डात टाकून फोन मोकळा केलाय. कार्ड हललं तं समदे परत फोनात येतील, असं वाटतं.” तिनं झाकण पुन्हा चाचपलं. “लेक सासूपाशी ठेवलीय. मागल्या साली तिनं पहिलं पाऊल टाकलं, त्याचा व्हिडिओ जावंनं धाडला. पन फोन भरलेला हुता, उतरलाच न्हाई. मी घरी गेले, तं ती पळत हुती.”

पुढचा खड्डा आला. झाकण निघालं, लागलं, फोन पुन्हा माझ्यापुढे. “ताई, जागा हाय ना?”

या वेळी मी फोन हातात घेतला, नीट बघितलं, आणि मगच हो म्हटलं.