भोपळ्याची काळी बिअर

अक्षर वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकतं, सांभाळून घ्यावं.

शेजारचे भाऊजी शहरात बिअरच्या कारखान्यात चव सांगायच्या कामाला आहेत. इकडे गावी, केजला आले की एका जागी बसत नाहीत. माझ्या मसाल्यांचे डबे उघडून हुंगतात, "या नाकावर घर चालतंय," म्हणतात. या खेपेला त्यांनी एकही डबा उघडला नाही.

काल पेल्यात काळी बिअर घेऊन चुलीपाशी आले.

"वहिनी, ही भोपळ्याची हाय, मसाला घातलेली. दिवाळीला बाजारात काढायचीय. उद्या सायबाला सांगायचंय, कशी झालीय. तुमी नुसता वास घ्या."

"मी? लोक काय म्हणतील?"

"लोकांस्नी कुठं पाजतोय मी."

दाराकडे बघत मी वाकले. "लवंग लई झाली. भोपळा तर येतच न्हाई."

"मलाबी तेच वाटलं," ते घाईने म्हणाले आणि पुन्हा पेल्यात नाक घालून येरझाऱ्या घालू लागले.

तेवढ्यात चुलीवरचं दूध करपलं. घरभर वास सुटला, मला ठसका लागला. ते मात्र पेलाच हुंगत राहिले. तेव्हा मला त्यांच्या नाकाचं कळलं.

मी पातेलं गुपचूप उतरवलं.

"दालचिनीबी हाय थोडी, भाऊजी. सायबाला तेवढं सांगा."