पाहुण्यांच्या सरबतातला बर्फ

ऑर्गॅनिक केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल परीक्षा सोलापुरात एप्रिलमध्ये ठेवायची, हे ज्याच्या डोक्यातून निघालं तो माणूस नक्की इथला नसणार. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं, आत बर्नर विझू नयेत म्हणून पंखे बंद, अंगावर जाड ॲप्रन, आणि हातातल्या कागदावर लिहिलेलं: तापमान शून्य ते पाच अंशांच्या दरम्यान ठेवा. लोकांना हे सांगितलं की ते हसतात. मला अजून हसू येत नाही.

एस.वाय.ला, म्हणजे दुसऱ्या वर्षी, मला ऑर्गॅनिक आवडायला लागलं ते आमच्या सरांमुळे. हे नाकारता आलं असतं तर बरं झालं असतं. त्यांचं लेक्चर दुपारच्या जेवणानंतर असायचं, तरी कुणाचा डोळा लागत नसे. फळ्यावर बेंझिनचा षटकोन एका फटक्यात, खडू न उचलता काढायचे. इलेक्ट्रॉन कुठून निघाला, कुठं पोचला, ते बाण काढून दाखवायचे आणि म्हणायचे, "पाठ करू नका. त्याला विचारा, बाबा, तू इथून का गेलास?" जर्नल तपासताना मात्र सगळ्यांची तंतरायची, कारण लबाडी ते बरोबर पकडायचे. कुणी पुस्तकातला वितळणबिंदू जसाच्या तसा उतरवला की वर्गासमोर उभं करून विचारायचे, "हे तू पाहिलंस का?" एकदा माझा आकडा पुस्तकापेक्षा बराच खाली आला. मी दिसला तसाच लिहिला. त्यांनी सही केली आणि म्हणाले, "असं पाहिजे." ते दोन शब्द मी घरापर्यंत जपून नेले होते.

आमच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला केमिस्ट्री सगळ्यांना मिळत नाही. जागा थोड्या, दुसऱ्या वर्षाच्या मार्कांवर ठरतं, आणि त्यात प्रॅक्टिकलचं वजन मोठं. केमिस्ट्री हुकली तर बॉटनी. झाडांशी माझं काही वैर नाही. पण बॉटनी करून पुढं काय, हे मला कुणी सांगू शकलं नव्हतं, आणि केमिस्ट्री करून औषधांच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये लागलेल्या मुली मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. आम्ही राहतो शहराबाहेर, कुंभारीला. वडील शहरातल्या जुळे सोलापूर भागात रिक्षा चालवतात. शाळेची मुलं, बँकेत जाणाऱ्या बाया, सगळ्यांना त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, "आमची पोरगी कंपनीच्या लॅबमधी बसणार हाय." अजून माझं दुसरं वर्षही संपलं नव्हतं.

परीक्षेला कुणी कोणता प्रयोग करायचा ते चिठ्ठीवर ठरतं. मला आला ॲनिलीनपासून नारिंगी रंग बनवायचा प्रयोग. चिठ्ठी उघडून मी खूश झाले. ॲनिलीन आम्लात विरघळवून बर्फात गार करायचं, मग दुसरं गार द्रावण थेंबाथेंबानं त्यात सोडायचं. यातून जे तयार होतं ते फार नाजूक असतं. थंड राहिलं तर पुढच्या द्रावणात ओतल्याबरोबर भडक नारिंगी साका खाली बसतो. गरम झालं की त्यातला नायट्रोजन बुडबुडे होऊन उडून जातो आणि तळाशी काळपट चिकटा उरतो. जानेवारीत मी हा प्रयोग इतका छान केला होता की सरांनी माझा साका बाकीच्यांना दाखवायला नेला होता.

बर्फ कारखान्यातून यायचा, आख्खी लादी, भुसा लावून पोत्यात बांधलेली. सकाळच्या बॅचनं तिचा फडशा पाडला होता. आम्ही दुपारचे. पोत्याच्या तळाला एक बऱ्यापैकी तुकडा उरला होता. बर्फ लागणारी त्या बॅचमध्ये मी एकटीच होते, म्हणून मी निश्चिंत होते.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. प्रॅक्टिकलला दुसऱ्या गावाहून जे परीक्षक येतात, त्यांना सगळे एक्स्टर्नल म्हणतात, पण त्यांची बडदास्त जावयासारखी असते. जेवायला कडक भाकरी, शेंगापोळी, घट्ट दही. जाताना शेंगाचटणीचा पुडा आणि चादर. मार्क कुणाला किती पडतात यापेक्षा पाहुण्यांचं काही कमी पडलं नाही ना, याची काळजी डिपार्टमेंटला जास्त. त्या दिवशीचे एक्स्टर्नल जेवून खुर्चीत बसले होते आणि घाम पुसून पुसून त्यांचा रुमाल पिळायला आला होता.

मी ॲनिलीनचा बीकर तयार करून पोत्याकडं गेले, तर आमचे लॅबमधले शिपाईमामा बर्फाचा तो तुकडा घमेल्यात घेऊन फोडत होते.

"मामा, मला लागणार आहे तो," मी म्हटलं.

"पाव्हण्यास्नी सरबत करायचंय. सरांनीच सांगितलंय की. तुमाला मागनं आणून देतो."

"कधी?"

"आणतो की. आधी त्यास्नी देऊ द्या."

मी थांबले. बराच वेळ थांबले. बाकीच्यांचे प्रयोग पुढं सरकत होते आणि मी थर्मामीटरकडं बघत बसले होते. शेवटी सरांकडं गेले आणि हळू आवाजात सांगितलं की बर्फ संपलाय. त्यांनी आधी एक्स्टर्नलकडं पाहिलं, मग माझ्याकडं. म्हणाले, "वेळ जातोय. माठातलं पाणी घे. हळूहळू घाल, होतं."

होतं? ज्यांनी मला वर्षभर शून्य ते पाच घोकायला लावलं, ते म्हणत होते होतं. मी तोंड उघडणार होते, पण ते वळले होते.

माठाच्या पाण्यात बीकर ठेवला. पारा पंचविशीच्या खाली उतरेना. मी ओल्या फडक्यानं वारा घातला, एकेक थेंब श्वास धरून सोडला. तरी बुडबुडे आलेच. बारीक, न थांबणारे. मला माहीत होतं ते काय आहेत. सरांनीच शिकवलं होतं. पुढच्या द्रावणात ओतलं तेव्हा क्षणभर नारिंगी झाक दिसली आणि मग सगळं तपकिरी होऊन काचेला चिकटलं.

त्याच वेळी एक्स्टर्नल सरबताचा ग्लास घेऊन टेबलांवरून फिरत आले. ग्लासात बर्फ वाजत होता. माझ्या बीकरमध्ये वाकून पाहिलं आणि विचारलं, "हे शून्य ते पाचला का करतात?"

मी सगळं सांगितलं. नायट्रोजन का जातो, मागं काय उरतं, चिकटा कसला, बाणांसकट सांगितलं.

"माहीत आहे की सगळं. मग तापमान का सांभाळलं नाही?"

"बर्फ नव्हता, सर."

त्यांनी आमच्या सरांकडं पाहिलं. मीपण पाहिलं. सर त्या दिवशी निळा शर्ट घालून आले होते, त्याच्या खिशाला खडूची पूड लागली होती. तो खिसा मला अजून आठवतो, कारण त्यांच्या तोंडाकडं बघायचं मला धाडस झालं नाही. मला वाटलं आता बोलतील. ते म्हणाले, "सकाळच्या बॅचला पुरला की बर्फ. घ्या सर, तुम्ही तिकडचा प्रयोग बघून घ्या."

बस. एवढंच. एक्स्टर्नल पुढच्या टेबलाकडं गेले.

थोड्या मार्कांनी माझी केमिस्ट्री गेली. थोडक्यात गेलेल्या गोष्टीचा संताप जास्त येतो, कारण नेमकं काय गेलं ते दिसत राहतं. घरी मी सगळं सांगितलं, सरबतासकट.  दुसऱ्या दिवशी वडील इस्त्रीचा शर्ट घालून कॉलेजात गेले, सरांना भेटायला. मला वाटलं भांडतील. निदान विचारतील तरी.

संध्याकाळी परत आले ते खुशीत. "सर लई चांगले हायत," म्हणाले. "खुर्ची दिली बसाया. चहा पाजला. म्हणले, पोरगी हुशार हाय, पण घाई करती. जरा थांबली असती तर झालं असतं."

"मी थांबले होते! त्यांनीच मला माठाचं पाणी घ्यायला लावलं!"

"आसं कसं? येवढा शिकलेला माणूस खोटं कशाला बोलंल?"

आई म्हणाली, जाऊ दे. मी दोन दिवस वडिलांशी बोलले नाही. त्यांना वाटलं, घाई नडली म्हणून मी स्वतःवरच चिडलेय.

पुढं बॉटनीला मी नाव घातलं. सर जुळे सोलापुरातच राहतात, हे वडिलांना त्या भेटीत कळलं होतं. तेव्हापासून ते सरांना सोडायला लागले. भाडं घेत नाहीत. "आपल्या पोरीचे सर हायत," म्हणतात, आणि सर नको नको म्हणत रिक्षात बसतात.

एकदा संध्याकाळी वडील मला कॉलेजच्या गेटवर घ्यायला आले, तर रिक्षात सर आधीच बसलेले. मी त्यांच्या शेजारी बसले. रिक्षा निघाली.  सर बाहेर बघतच म्हणाले, "काय, बॉटनी कशी चाललीय?"

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. वर्षभर तयार होतं, शब्द न् शब्द. मी वर पाहिलं. समोरच्या आरशात वडील माझ्याकडं बघून हसत होते. सरांनी आपण होऊन पोरीची चौकशी केली, याचा त्यांना केवढा आनंद झाला होता.

"बोल की," ते म्हणाले. "सर इचारतायत."

"चांगली चाललीय, सर," मी म्हटलं.