गाळ्यातलं रुखवत

चूक माझीच होती. घराचं बांधकाम काढलं तेव्हा सामान ठेवायला जाफराबादेत एक गाळा भाड्याने घेतला आणि चोराच्या भीतीने त्याची मागची खिडकी मी विटा लावून बुजवली. लेकीच्या लग्नात मांडायचं रुखवतही त्याच सामानात होतं. लोकरीची तोरणं, नऊवारी नेसवलेल्या बाहुल्या, सगळं बायकोने दुपारची झोप मोडून केलेलं.

ती म्हणाली होती, "अहो, वारा लागू द्या जरा. चोर काय बाहुल्या न्यायला येऊन राह्यला का?"

"तुला न्हाई कळायचं. लोकांचं बराबर ध्यान असतं."

आतलं सामान रस्त्यावरच्यांना दिसेल म्हणून पावसाळाभर मी शटरही उघडू दिलं नाही. रोज संध्याकाळी जाऊन फक्त कुलपं ओढून पाहायचो आणि निर्धास्त परतायचो.

लग्न तोंडावर आलं तेव्हा शटर वर केलं. चोरीला काहीच गेलं नव्हतं. पण भिंतीची ओल खोक्यांत शिरली होती. तोरणांवर काळी बुरशी चढलेली, बाहुल्यांच्या लुगड्यांचे रंग एकमेकांत मिसळलेले. आम्ही एकेक वस्तू उन्हात मांडू लागलो, पण हात लावला की कापड विरत होतं.

लेक म्हणाली, "जाऊ द्या पप्पा, बाजारातून आणू."

बायको एक बाहुली पदराने पुसत राहिली. मी तिच्याशेजारी फरशीवर बसलो.

"माझं चुकलं. तू सांगत होतीस, मी ऐकलं न्हाई. मला माफ कर."